मोहाची दारू गाळायचा हक्क कुणाचा?

विदर्भातल्या दैनिकांत जिल्ह्याच्या पानावर एक ठरावीक बातमी पुन्हापुन्हा येते. जंगलात छापा, इतके ड्रम मोहाचा सडवा (दारूसाठी आंबवलेली फुलं) जागेवर नष्ट, इतक्या हजारांचा मुद्देमाल जप्त, आरोपी फरार. पालघर, नंदुरबारकडेही हीच बातमी, फक्त गावाचं नाव बदलतं. ज्या वस्तूला पंचनाम्यात मुद्देमाल म्हटलेलं असतं, ती त्याच गावात बारशाला, लग्न ठरवायच्या बैठकीला, मयताच्या दिवसाला आणि देवाच्या नैवेद्याला लागते, हे मात्र त्या बातमीत कधी येत नाही. पूजेची वस्तू मुद्देमाल कशी झाली, याची गोष्ट सव्वाशे-दीडशे वर्षांची आहे आणि तिच्यात दारूइतकाच महसूलही आहे. ती नीट समजली नाही तर मोहाची दारू कुणी आणि कशी गाळावी, हा आज चाललेला वाद निम्माच कळतो.

सुरुवात झाडापासून करू. मोह हे मध्य भारताच्या पानगळीच्या जंगलातलं झाड. सह्याद्रीच्या उत्तरेकडच्या उतारांपासून सातपुडा, मेळघाट, गोंदिया, गडचिरोली, पुढे बस्तर, झारखंड आणि ओडिशापर्यंत ते पसरलेलं आहे. मार्च-एप्रिलमध्ये पानं झडतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस लागतात. फूल पिवळसर पांढरं, मांसल, रसाने भरलेलं. रात्री उमलून पहाटे ते आपोआप खाली पडतं. म्हणून मोह वेचायची वेळ म्हणजे झुंजुमुंजू. बायका आणि मुलं टोपल्या घेऊन उजाडायच्या आत झाडाखाली पोचतात, कारण उशीर केला तर गुरं, हरणं आणि अस्वलं आपला वाटा आधीच घेऊन जातात. कोणतं झाड कोणत्या घराचं हे गावाला ठाऊक असतं. शेतासाठी जंगल तोडताना बाकीची झाडं गेली तरी मोह उभा ठेवायचा, ही रीत मध्य भारतात सगळीकडे दिसते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मोह म्हणजे दारूचं झाड, असं शहरात सर्रास मानलं जातं. खरं तर मोहफूल आधी अन्न आहे. वाळल्यावर ते मनुक्यासारखं होतं आणि त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखर असतो. ते भाजून खातात, उकडून खातात, पिठात मळून त्याच्या भाकरी करतात, तिळाबरोबर कुटून लाडू वळतात. धान्याच्या कणग्या रिकाम्या झाल्यावर, पावसाळा तोंडाशी असताना, साठवलेल्या मोहावर कुटुंबं तगून राहिली आहेत आणि दुष्काळात तर तोच आधार होता. फुलांनंतर फळं येतात, त्यांची भाजी होते, बियांचं तेल खायला, दिव्याला आणि अंगाला लावायला वापरतात. ही सगळी यादी लक्षात ठेवावी, कारण पुढे कायद्याने जेव्हा फुलावरच बंदी घातली तेव्हा त्या बंदीने भांड्यातली दारू अडवली आणि पानातली भाकरीही अडवली.

आता दारू. वाळवलेली फुलं मडक्यात पाण्यात भिजत घालतात. फुलांतल्या साखरेवर किण्व काम करू लागतं, पाणी बुडबुडतं, आंबूस वास सुटतो. उन्हाळ्यात हे लवकर होतं, थंडीत जास्त दिवस लागतात. हा आंबलेला माल म्हणजेच सडवा. तो चुलीवर चढवतात, वर दुसरं भांडं बसवतात, सांधे मातीने आणि चिंध्यांनी लिंपून बंद करतात, सगळ्यात वर गार पाणी ठेवतात. पाण्याआधी अल्कोहोलची वाफ होते, ती वरच्या गार तळाला लागून थेंब बनते आणि बांबूच्या नळीतून किंवा आतल्या भांड्यात उतरते. सुरुवातीला येते ती सगळ्यात कडक. मराठीत 'पहिल्या धारेची' हे शब्द आपण उठसूट वापरतो, ते याच चुलीपाशी जन्मले. वरचं पाणी कोमट झालं की बदलायचं, आच बेताची ठेवायची, धार पातळ झाली की थांबायचं. सगळं कौशल्य एवढ्यातच आहे, आणि ते पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः बायकांच्या हातांनी सांभाळलं आहे.

ही दारू कशी पितात, यात तिचा सांस्कृतिक अर्थ आहे. गोंड, भिल्ल, वारली अशा अनेक समाजांमध्ये पहिले थेंब जमिनीवर सांडतात. ते देवाचे आणि पूर्वजांचे. मग पळसाच्या पानाच्या द्रोणातून वडीलधाऱ्यांपासून वाटप सुरू होतं. लग्नाची बोलणी पक्की झाली याची खूण म्हणजे दोन्ही घरच्यांनी एकत्र घेतलेली दारू. भांडण मिटलं, पंचांनी दंड ठरवला, तर तो दंडही बऱ्याचदा दारूच्या रूपात आणि सगळ्यांनी मिळून प्यायचा, म्हणजे अपराधी आणि तक्रारदार एकाच पंक्तीला बसतात. मयताच्या विधीत ती लागते, पेरणीआधी लागते, भगताने देवाला बोलावताना लागते. एकट्याने कोपऱ्यात बसून प्यायची ही वस्तू नव्हती. तिचं प्रमाणही दोन गोष्टींनी आपोआप ठरायचं: फुलं वर्षातून एकदाच येतात आणि त्यांतली बरीच खायला ठेवावी लागतात.

जुन्या ग्रंथांनाही मोह परका नाही. चरकसंहितेत आसवं कशाकशापासून बनतात याची मोठी गणना आहे. त्यात फुलांपासून होणारी दहा आसवं सांगितली आहेत आणि त्या दहांत मधूक म्हणजे मोह आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर मद्याच्या कारभारासाठी सुराध्यक्ष नावाचा अधिकारीच नेमलेला दिसतो. सरकारने दारूवर ताबा ठेवायचा ही कल्पना त्यामुळे इंग्रजांनी आणलेली नव्हे. पण त्याच अर्थशास्त्रात एक सवलत आहे, तिच्याकडे फारसं लक्ष जात नाही. घरगुती कार्याच्या वेळी कुटुंबाला स्वतःसाठी सुरा करता येईल, औषधासाठी अरिष्ट करता येईल, आणि उत्सव, मेळावे, यात्रा यांच्या वेळी चार दिवस मद्य करण्याची मोकळीक असेल. व्यापार राज्याच्या हाती राहील पण घरचं कार्य घरचं राहील, ही रेषा दोन हजार वर्षांपूर्वी आखलेली होती. इंग्रजी अमलात नेमकी तीच पुसली गेली.

अबकारी म्हणजे नेमकं काय झालं?

'अबकारी' हा शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतो, त्यामागचं गणित मात्र थोडं समजून घ्यावं लागतं. दारूतून महसूल गोळा करायचे सरकारपुढे दोन मार्ग होते. पहिला मक्त्याचा. एखाद्या मुलखात दारू गाळायचा आणि विकायचा हक्क लिलावात द्यायचा, मक्तेदाराने ठरलेली रक्कम भरायची, आणि गावोगावच्या छोट्या भट्ट्या त्याच्या हाताखाली चालू राहायच्या. यात सरकारला कटकट कमी, पण किती दारू निघाली आणि ती किती कडक होती हे कळायला मार्ग नाही. दुसरा मार्ग मध्यवर्ती भट्टीचा. सगळी दारू एकाच आवारात गाळायची, दारावर सरकारी माणूस बसवायचा, प्रत्येक गॅलनवर तिच्या तीव्रतेनुसार कर घ्यायचा. महसूल वाढवायचा तर दुसरा मार्ग कितीतरी सोयीचा. अट एकच. त्या आवाराबाहेर कुणीही, कुठेही, एक मडकंसुद्धा चुलीवर चढवता कामा नये. घरी गाळलेला प्रत्येक शेर हा सरकारच्या हिशेबात बुडालेला कर होता.

मुंबई इलाख्यात हे काम 1878 च्या अबकारी कायद्याने केलं. परवान्याशिवाय दारू करणं, बाळगणं, नेणं, विकणं हे सगळं गुन्हा ठरलं. मुंबई शहराला लागणारी मोहाची दारू उरणच्या भट्ट्यांमधून येत असे आणि तिथल्या गाळपावर मोजून कर घेता येई. म्हणजे मोहाची दारू बेकायदा ठरली नव्हतीच. ती शहरात दुकानातून राजरोस विकली जात होती, तिच्यावर सरकार कर घेत होतं. गुन्हा ठरलं ते वारल्याच्या, कातकऱ्याच्या घरचं गाळप. मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य हेच वाटतं: वस्तू तीच, पण बनवणारा बदलला की तिचा कायदा बदलला.

तरीही जंगलातल्या चुली विझेनात. फुलं फुकट, झाड दारात, गाळायची विद्या प्रत्येक घरात. पोलिसांनी किती चुली पाहायच्या? मग सरकारने चुलीवरून नजर काढून फुलावर ठेवली. 1892 मध्ये मोहफुलांसाठी वेगळा कायदा आला. ठाणे आणि कुलाबा या जिल्ह्यांमध्ये, म्हणजे आजच्या पालघर, ठाणे, रायगडच्या मुलखात, फुलं गोळा करण्यावर आणि जवळ ठेवण्यावर निर्बंध आले. जे फूल पहाटे आपोआप जमिनीवर पडतं ते टोपलीत उचललं तर आधी परवाना विचारला जाणार. या मुलखात मुख्यतः वारली, कातकरी, ठाकर, कोळी अशा जमाती राहत होत्या आणि फूल हे त्यांचं अन्न होतं, हे वर आलंच आहे. दारू रोखण्यासाठी द्राक्षाची बाग लावायलाच बंदी घालावी, तसा हा प्रकार.

परिणाम काय झाला, हे पैशाच्या वाटेने पाहिलं तर स्पष्ट दिसतं. पूर्वी लग्नासाठी दारू लागली तर घरची फुलं, घरची लाकडं, घरचे हात. खर्च जवळपास शून्य. आता लग्न, मयत, देव हे सगळं होतंच, पण दारू गुत्त्यावरून रोख पैशाने आणायची. हाती रोख नसलेल्या माणसाने रोख आणायची कुठून? सावकाराकडून. दक्षिण गुजरात आणि उत्तर कोकणात अनेक ठिकाणी दारूचा गुत्तेदार, सावकार आणि जमीनदार ही एकच व्यक्ती असे. उधारीवर दारू, उधारीपोटी पीक, मग जमीन, मग त्याच जमिनीवर वेठ. डहाणू-तलासरी भागात लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी नवरा-बायको आयुष्यभर राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. 1945 नंतर गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी ज्या वेठबिगारीविरुद्ध लढा दिला ती याच मुलखातली. लग्नकर्जाला कारणं अनेक होती, सगळं खापर दारूवर फोडणं चूक ठरेल. पण घरात फुकट होणारी वस्तू कायद्याने बाजारातून विकत घ्यायला लावली, की कर्जाच्या वहीत एक ओळ वाढते, एवढं मानायला हरकत नसावी.

देवीने सांगितलं, दारू सोडा

इथवर वाचून असं वाटेल की एका बाजूला दुष्ट सरकार आणि दुसऱ्या बाजूला आपल्या दारूसाठी भांडणारे आदिवासी. इतिहास इतका सरळ नाही, आणि पुढचा भाग मला सगळ्यात विचार करायला लावतो.

1922 साली पालघरच्या किनाऱ्यावरच्या मच्छीमार वस्त्यांमधून एका देवीची वार्ता निघाली. तिचं नाव सलाबाई. ती डोंगर चढून आत सरकली, डांगमार्गे सुरत जिल्ह्यात पोचली. गावाबाहेर मांडव पडायचा, शेकडो माणसं गोळा व्हायची, काहींच्या अंगात देवी यायची आणि त्यांच्या तोंडून आज्ञा निघायच्या. दारू आणि ताडी पिऊ नका. मांस खाऊ नका. रोज अंघोळ करा, घर स्वच्छ ठेवा. दारूविक्रेत्या जमीनदारांकडे कामाला जाऊ नका. त्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत दक्षिण गुजरातच्या गावागावांत असे मेळावे भरत होते आणि हजारो लोकांनी खरोखरच दारू सोडली. गुत्ते ओस पडले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीच्या खुणा गावोगाव फिरून गोळा केल्या, त्यामुळे आज ती आपल्याला इतक्या तपशिलात माहीत आहे.

जी दारू देवाला देत होते तीच देवीच्या सांगण्यावरून का सोडली? एक उत्तर असं की तोवर ती देवाची राहिलीच नव्हती, ती गुत्तेदाराची झाली होती. तिचा त्याग म्हणजे त्याच्या उधारीच्या वहीतून नाव काढून घेणं. पण केवळ अर्थकारणावर हे सगळं ढकलणंही बरोबर नाही. आपण बदलू शकतो, बाहेरचं कुणी येऊन सुधारायची वाट पाहायची नाही, हा आत्मविश्वास त्या आज्ञांमध्ये आहे. छोटा नागपुरात, म्हणजे आजच्या झारखंडात, 1914 पासून टाना भगत या आदिवासी पंथाने हेच केलं होतं. आजच्या छत्तीसगडमधल्या सरगुजात 1951 मध्ये राजमोहिनी देवी या आदिवासी बाईने हाच मार्ग धरला. त्यामुळे 'मोहाची दारू म्हणजे आदिवासी संस्कृती' असं जेव्हा कुणी सपाटपणे म्हणतं तेव्हा मला ही माणसं आठवतात. पिणं हीसुद्धा त्यांची परंपरा आहे आणि ठरवून सोडणं हीसुद्धा.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटेल असं वाटलं असेल, पण मोहाच्या बाबतीत फार काही पालटलं नाही. मुंबई राज्याने 1949 मध्ये दारूबंदीचा कायदा केला आणि 1950 पासून राज्यभर बंदी लागू झाली. हेतू आता महसुलाचा नव्हता, गांधीविचाराचा होता, आणि तो प्रामाणिक होता. मात्र कायद्याच्या मजकुरात मोहफूल होतंच. बाळगणं, नेणं, विकणं यांवरचा ताबा इंग्रजांकडून जसाच्या तसा पुढे आला. साठच्या दशकात बंदी सैल होत गेली. 1973 मध्ये महाराष्ट्राने देशी दारूसाठी नियम केले आणि सरकारमान्य दुकानांतून देशी मिळू लागली. ती कशाची बनते हे बहुतेकांना ठाऊक नसतं. ती बनते मुख्यतः उसाच्या मळीपासून काढलेल्या अल्कोहोलपासून. 1950 नंतर राज्यात सहकारी साखर कारखाने झपाट्याने उभे राहिले, मळी मुबलक झाली, तिला परवाना मिळाला. जंगलातल्या फुलाला मिळाला नाही. बाटलीवर देशी लिहिलेलं कायदेशीर झालं आणि या देशाच्या जंगलात जी खरोखर देशी होती ती हातभट्टी म्हणून गुन्ह्यातच राहिली.

हातभट्टीबद्दलही थोडं स्पष्ट बोललं पाहिजे. आज ज्याला हातभट्टीची म्हणतात तिच्यात मोह असतोच असं नाही. काळा गूळ, नवसागर आणि घाई, यांवर शहरांभोवतीच्या भट्ट्या चालतात. विषारी दारूने माणसं मेल्याच्या बातम्या आल्या की संशय थेट मोहावर जातो. पण अशा दुर्घटनांमागे बहुतेक वेळा मिथेनॉल असतं, कारखान्यांत वापरलं जाणारं अल्कोहोल, जे स्वस्तात नशा वाढवायला दारूत मिसळलं जातं. मुंबईत मालवणीला जून 2015 मध्ये शंभराहून अधिक माणसं दगावली ती मिथेनॉलनेच. मोहाच्या फुलाचा तिथे काही संबंध नव्हता. याचा अर्थ मोहाची दारू निरुपद्रवी आहे असा अजिबात नाही. ती दारू आहे, यकृताला आणि घराला जे करायचं ते करते.

म्हणूनच गडचिरोलीची गोष्ट टाळून पुढे जाता येत नाही. तिथे लोकांच्या, विशेषतः बायकांच्या, मोठ्या आंदोलनानंतर 1993 मध्ये जिल्हा दारूबंदी झाली. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग त्या चळवळीत होते. गावातल्या बायकांचं म्हणणं साधं होतं: नवरा पितो, मारतो, मजुरी घरी येत नाही. तिथे विकली जाणारी दारू परवान्याची होती तशी गावातच गाळलेली मोहाचीही होती. सणाला गाळलेली दारू आणि रोज संध्याकाळी विकायला गाळलेली दारू, यांत फूल एकच असलं तरी व्यवहार वेगळा आहे. पहिल्यात सगळ्यांनी मिळून प्यायची आणि उद्या कामाला जायचं. दुसऱ्यात एक विकतो, एक रोज विकत घेतो आणि तिसरी व्यक्ती घरात वाट पाहत बसते. संस्कृतीच्या नावाखाली दुसरा व्यवहार झाकला जाऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. आणि दुसऱ्या व्यवहारावरचा राग पहिल्यावर काढून पूजेच्या मडक्यापायी एखाद्या म्हातारीवर गुन्हा दाखल होऊ नये, असंही तितकंच ठामपणे वाटतं.

गेल्या काही वर्षांत वारं फिरलं आहे. 2018 मध्ये मद्यउद्योजक डेस्मंड नाझरेथ यांनी मोहाचं मद्य रीतसर बाटलीत भरून बाजारात आणलं. देशी दारू या वर्गात अडकलेल्या पेयाला चांगली किंमत मिळत नाही आणि एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेता येत नाही, ही मुख्य अडचण होती. 2021 मध्ये महाराष्ट्राने मोहफुलं गोळा करणं, साठवणं आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. 1892 पासून या ना त्या रूपात चालत आलेली फुलावरची बंदी अशी संपली, दारू गाळण्यावरची मात्र कायम राहिली. त्याच वर्षी मध्य प्रदेशने मोहाच्या दारूला 'हेरिटेज' मद्य म्हणून मान्यता द्यायचं जाहीर केलं. आज तिथे अलीराजपूर, दिंडोरी या जिल्ह्यांत आदिवासी बचत गटांनी ती गाळावी, बाटलीत भरावी आणि पर्यटन खात्याच्या हॉटेलांतून, दुकानांतून विकावी अशी योजना आहे. अलीराजपूरच्या दारूचं नाव 'मोंड'.

हे स्वागतार्ह आहेच. पण बाटली देखणी झाली म्हणून मूळ प्रश्न सुटला असं समजू नये. परवाना शुल्क, स्टीलची भट्टी, प्रयोगशाळेचा दाखला, करांचे कागद, हे सगळं उभं करायला भांडवल लागतं. बचत गटामागे सरकार उभं राहिलं तर फुलं वेचणारी बाई मालकीण होऊ शकते. राहिलं नाही, तर ती किलोच्या भावाने वाळलेली फुलं विकेल आणि त्याच फुलांची दारू दूरच्या शहरात हजारो रुपयांना जाईल. उरणच्या भट्ट्यांच्या काळात जी वाटणी होती तीच पुन्हा, फक्त लेबल नवं. पोलिसांचं काय, हा प्रश्न तर वेगळाच: बाटलीतला वारसा कायदेशीर आणि मडक्यातला बेकायदा, असं किती दिवस चालणार?

यातून वाट काढायचं एक साधन कायद्यात आधीपासून आहे. 1996 च्या पेसा या केंद्राच्या कायद्याने अनुसूचित, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून जाहीर झालेल्या, क्षेत्रातल्या ग्रामसभांच्या अधिकारांबद्दल जे कलम केलं, त्यात दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. एक, नशेच्या पदार्थांवर बंदी घालायचा किंवा त्यांच्या विक्रीचं आणि सेवनाचं नियमन करायचा अधिकार. दोन, गौण वनोपजाची, म्हणजे मोहफुलांसारख्या लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंची, मालकी. महाराष्ट्राचे पेसा नियम 2014 मध्ये आले. म्हणजे झाडाखालचं फूल गावाचं, आणि त्याचं काय करायचं यात बोलायचा हक्कही गावाचा. गावाने पूर्ण बंदी ठरवली तर ती बंदी, सणापुरतं गाळायचं आणि विकायचं नाही असं ठरवलं तर तसं. राज्याचा दारूबंदी कायदा आणि ग्रामसभेचा ठराव यांची सांगड घालून देणारी नियमावली उत्पादन शुल्क खात्याने आदिवासी गावांशी बोलून करावी, आणि त्या बोलण्यात फुलं वेचणाऱ्या बायका समोरच्या रांगेत असाव्यात. राज्यातल्या प्रत्येक पेसा ग्रामसभेला आज एवढी मागणी ठरावाने करता येते.